लाभ, दोन, तीन

मापारी कधी ‘एक’ म्हणत नाही.
पहिल्या पोत्याला ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, मग तीन.
दारव्ह्याच्या यार्डात सव्वीस हंगाम
तुरीच्या धुळीत उभा राहून मी असाच मोजत आलो,
म्हणून डावा कान बंद झाला तेव्हा वाटलं
भुसा गेला असेल.
बेबीनंदानं कोमट तेल सोडलं.
मग मानेत गाठ, लिंबोळीएवढी.
मग सुपारीएवढी.
मग एक दिवस पावतीवर नाकातलं रक्त,
आणि अडत्या ओरडला, “खराब केली न बे पावती!”

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर नाक काढलं.
नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर,
एक अंधारी खोली.
“इथे सुरी नीट पोचत नाही,
इथे किरण पाठवायचे. तेहेतीस वेळा.
आणि सोबत दर सोमवारी सलाईनमधून औषध.”
मी नुसता त्या खोलीकडे पाहत राहिलो.
बेबीनंदा म्हणाली,
“म्हंजे एका जागी खुरपं,
अन् सगळ्या वावरात फवारा.”
बाई हसल्या. तसंच, म्हणाल्या.

गरम पाण्यातून काढलेली जाळी
उपड्या मडक्यावर लांबपोळी टाकावी
तशी माझ्या चेहऱ्यावर ओढली.
थंड झाली तेव्हा ती माझं तोंड झाली होती,
खांद्यांसकट.
मग टेबलाला आवळलं. खट. खट.
“हलू नका काका, मिलीमीटरचा हिशोब आहे,”
काचेपलीकडून शाहीन नावाची पोरगी.
मिलीमीटर!
मी पोत्यामागे किलोकिलोचा कडता
कापताना पाहिलेला माणूस.
मशीन फिरलं, डोळा वाचवत, मेंदू वाचवत,
लाळेच्या गाठी जमतील तेवढ्या वाचवत.
मी मनात म्हणालो, लाभ.

धर्मशाळेत शेजारच्या खाटेवर पुसदचे काशिनाथ इंगोले.
आजार तोच, गाठ लहान.
त्यांना नुसते किरण, फवारा नाही.
ते चौथ्या आठवड्यापर्यंत पोळी खात होते.
मी दुसऱ्यातच वरणाच्या पाण्यावर आलो,
आणि तेही ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं.
कधी त्यांच्या ताटाचा राग यायचा.
कधी ते माझ्या सलाईनकडे पाहायचे,
आपल्याला काही कमी तर मिळत नाही ना, अशा नजरेनं.

एकोणीस. वीस. तोंड आतून सोललेलं.
थुंकायलासुद्धा थुंकी नाही.
पाचव्या सोमवारी रक्ताचा कागद आला,
किडनी कुरकुरायला लागली होती.
बाईंनी उरलेले दोन सोमवार पेनानं खोडले.
“आता नुसते किरण.”
मी विचारलं, मग मापात कमी भरंल काय?
त्यांनी चष्मा पुसला.
“चार झालेत, ते वाया जात नाहीत.
सहा झाले असते तर बरं होतं.
नक्की आकडा मला सांगता येणार नाही.”
सव्वीस वर्षांत यार्डात
हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

तेहेतीसाव्या दिवशी शाहीननं जाळी हातात दिली.
“घेऊन जा काका, नाहीतर फेकून देतात.”
एसटीत मांडीवर माझंच तोंड.
मागच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं,
“दंडारीचं सोंग होय का रे बापा?”
मी मान हलवली.

तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये खोली रिकामी.
“सध्या,” बाई म्हणाल्या,
आणि तो शब्दही मी घरी आणला.

काटा आता लाल आकड्यांचा आहे,
पण पहिल्या पोत्याला अजून मला बोलावतात.
दर पाच पोत्यांमागे पाण्याचा घोट.
भाकर ताकात कुस्करून. ठेचा नुसता पाहायचा.
जाळी बेबीनंदानं कोंबडीच्या पिल्लांवर उपडी घातली आहे,
मांजराची भीती.
सकाळी माझ्या कपाळाच्या आत चिवचिव चालते.
उजवा कान तिकडे करतो.
वाकून मोजतो: लाभ, दोन, तीन...
सहाच भरतात. काल सात होती.
“सुपाखाली पाहा,” ती चुलीपासून म्हणते,
“अन् पुन्हा मोजा.”